जुन्या नमुन्याचा टॅब : खरेदीची वेळ कशी ठरवावी?

शाळेत टॅबलेट संगणक, म्हणजे ज्यास शिक्षक व विद्यार्थी आता सरसकट ‘टॅब’ म्हणतात तो, असावा की नसावा, हा वाद बहुतेक गावांपुरता मिटला आहे. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापलेले असतात, २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वर पाठांची चित्रफीत पाहावयास मिळते, शाळेची बरीचशी माहितीही ऑनलाइन भरावी लागते. वाद उरला आहे तो पैशाचा. समग्र शिक्षा योजनेच्या सुधारित निकषांप्रमाणे तीस विद्यार्थ्यांपर्यंतच्या शाळेस संयुक्त शाळा अनुदान वर्षास १०,००० रुपयांच्या व शंभरपर्यंतच्या शाळेस २५,००० रुपयांच्या मर्यादेत मिळते. त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता यांचा खर्च भागवावयाचा असतो. अशा शाळेने घेतलेला टॅब दीड वर्षात निरुपयोगी ठरला, तर दुसरा लवकर येत नाही. आज दुसरीत असलेली मुले त्याची वाट पाहत पाचवीत जातात. म्हणून खरेदीपूर्वी एक तास हिशोबाला देणे हे अध्यापनाच्या तयारीइतकेच आवश्यक मानले पाहिजे.

साहजिकच मुख्याध्यापकांची दृष्टी जुन्या नमुन्याकडे वळते. नवा नमुना बाजारात आला की मागचा स्वस्त होतो, आणि दोहोंच्या पडद्यात किंवा आकारात वरवर पाहणाऱ्यास फारसा भेद दिसत नाही. मग स्वस्त तो का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नेहमीच ‘घेऊ नये’ असे नाही. तो केव्हा घ्यावा, एवढाच खरा विचार आहे.

मोड आणि टॅब

हुपरी हे चांदीच्या कारागिरीचे गाव. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे यांच्या घडणीवर तेथील व आसपासच्या रेंदाळ, यळगूड, तळंदगे या गावांतील कित्येक घरे चालतात. या भागातील पालकांना जुन्या वस्तूची किंमत कशी करावी हे कोणी शिकवावयास नको. जुने पैंजण मोडीत घातले, तरी वजन व टंच पाहून, घट वजा जाता, त्याचे पैसे येतात. मजुरी तेवढी बुडते. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोस एक लाख रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा तर पेटीत वीस वर्षे पडून राहिलेला करदोडा घेतला त्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा ठरला. वस्तू पडून राहिली म्हणजे तिचे मोल गेले, असे चांदीच्या बाबतीत होत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत बसलेले कारागीर सदस्य हीच नजर टॅबकडे वळवितात, आणि तेथे ती फसते. टॅबमध्ये जी वस्तू विकत घेतली जाते, ती काच किंवा धातू नव्हे. ती आहे उपयोगाची वर्षे. ही वर्षे यंत्र कपाटात कुलूपबंद असले तरी संपत जातात. त्याला मोड जवळजवळ नाही. एखाद्या नमुन्याचे आयुष्य आपण पेटी उघडली त्या दिवसापासून मोजावयाचे नसते, तर तो नमुना प्रथम बाजारात आला त्या दिवसापासून मोजावयाचे असते, कारण निर्माता आपला पाठिंबा सामान्यतः त्या दिवसापासून मोजतो.

पाठिंबा म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. टॅब ज्या कार्यप्रणालीवर चालतो, तीत वेळोवेळी दोष आढळतात. दुष्ट हेतूचे लोक त्या दोषांतून आत शिरू शकतात. निर्माता काही वर्षे ते दोष बुजविणाऱ्या सुधारणा पाठवीत राहतो. ती मुदत संपली की पाठविणे थांबते. यंत्र चालूच राहते, पण दार उघडे राहिल्यासारखे होते. शाळेच्या टॅबवर विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, कधी आधार क्रमांक असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही बाब उपेक्षणीय राहत नाही. पुढे पुढे अ‍ॅपही त्या जुन्या प्रणालीस नकार देऊ लागतात. गुगलने २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ या आवृत्तीसाठी आपल्या प्ले सेवांचा पाठिंबा ऑगस्ट २०२३ मध्ये काढून घेतला. त्या आवृत्तीवरील यंत्रे तुटली नव्हती, फुटली नव्हती. तरी त्यांच्यावरील एकेक काम बंद पडू लागले.

दोन जुनी उदाहरणे

अ‍ॅपलचे आयपॅड ग्रामीण प्राथमिक शाळेच्या आवाक्यातले नव्हेत. तथापि त्यांचा इतिहास तारीखवार ठाऊक असल्यामुळे तो अभ्यासास सोयीचा आहे. आयपॅड २ हा नमुना मार्च २०११ मध्ये आला. मार्च २०१२ मध्ये तिसरा नमुना आला तेव्हा अमेरिकेत दुसऱ्याची किंमत ४९९ डॉलरवरून ३९९ डॉलर झाली. तिसरा नमुना अवघ्या सात महिन्यांत, ऑक्टोबर २०१२ मध्ये, बंद झाला; पण ‘जुना’ ठरलेला दुसरा मार्च २०१४ पर्यंत विकला जात राहिला, आणि शेवटपर्यंत त्याच ३९९ डॉलरना. सप्टेंबर २०१६ मध्ये कार्यप्रणालीची दहावी आवृत्ती आली, ती या दोहोंपैकी एकासही मिळाली नाही.

आता पाहा. मार्च २०१२ मध्ये ज्याने शंभर डॉलर वाचवून जुना नमुना घेतला, त्याला सुमारे साडेचार वर्षे मिळाली; त्याच दिवशी नवा घेणाऱ्यास तेवढीच मिळाली. येथे जुना घेणारा शहाणा ठरला. परंतु मार्च २०१४ मध्ये तेच यंत्र त्याच किमतीस घेणाऱ्याच्या पदरी अडीच वर्षेच पडली. यंत्र एक, किंमत एक, दुकानही कदाचित एक. भेद पडला तो केवळ खरेदीच्या वेळेने.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत जाहीर झाला. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांस पडत होता, आणि त्या काळी ती किंमत जगाच्या चर्चेचा विषय झाली. हेतू स्तुत्यच होता. पण त्याची अँड्रॉइड २.२ ही प्रणाली मे २०१० मधली, म्हणजे जन्मतःच जुनी होती, आणि त्या जाहीर समारंभानंतर दोनच आठवड्यांत अँड्रॉइड ४.० जगापुढे आले. त्याचा पडदा बोटाच्या स्पर्शाने नव्हे, तर दाबाने चालणारा होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आकाश २ आला, तो अधिक वेगाचा व स्पर्शाने चालणारा. पहिला त्याच्यापुढे टिकण्यासारखा नव्हता. पेटीवर ‘नवे’ लिहिलेले यंत्रही आतून जुने असू शकते, हे या प्रकरणावरून कळते. आजही अल्पपरिचित नावाचे काही स्वस्त टॅब याच जातीचे असतात.

हिशोब

समजा, हुपरीच्या एखाद्या शाळेपुढे दोन टॅब आहेत. नव्या नमुन्याची किंमत १६,००० रुपये आणि त्यास अजून चार वर्षे सुधारणा मिळावयाच्या आहेत. जुना १२,००० रुपयांस मिळतो. त्याची दोनच वर्षे उरली आहेत. चार हजारांची बचत डोळ्यांत भरते. परंतु किमतीस उरलेल्या वर्षांनी भागले, तर नवा वर्षास ४,००० रुपयांना पडतो आणि जुना ६,००० रुपयांना. जुना बरोबरीस यावयाचा, तर तो ८,००० रुपयांस मिळाला पाहिजे.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. सुधारणा थांबल्या म्हणजे यंत्र त्याच दिवशी अडगळीत जाते असे नाही. टॅबची कामे दोन प्रकारची असतात. माहिती भरणे, ओळखक्रमांकाने प्रवेश करणे, निरोप पाठविणे ही जोडलेली कामे. त्यांना चालू प्रणाली हवीच. उलट, आधी उतरवून ठेवलेल्या चित्रफिती दाखविणे, पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडणे, मुलांचे वाचन ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकविणे ही सुटी कामे. ती जाळ्याशी न जोडताही होतात. शाळेस केवळ सुट्या कामांसाठी टॅब हवा असेल, तर दोन्ही नमुन्यांना आणखी दोन दोन वर्षे धरण्यास हरकत नाही. मग नवा वर्षास सुमारे २,६६७ रुपयांना व जुना ३,००० रुपयांना पडतो. अंतर फारच कमी होते. आणि दुकानदार घासाघिशीत १०,००० रुपयांवर उतरला, तर जुना वर्षास २,५०० रुपयांना पडून तोच अधिक किफायतीचा ठरतो. तेव्हा टॅब कोणत्या कामासाठी हवा, हे ठरावात लिहिल्यावाचून किंमत विचारावयास जाऊच नये. वर्गात सहज करण्याजोगा हा भागाकार सातवीच्या मुलांपुढे ठेवला, तर ती आपापल्या घरी मोबाइल घेतानाही तो करू लागतील.

मार्चअखेर व इतर वेळा

जुन्या नमुन्याच्या खरेदीस सर्वांत वाईट वेळ कोणती असेल, तर ती मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा. आणि दुर्दैवाने पुष्कळशी खरेदी त्याच आठवड्यात होते. अनुदान उशिरा जमा होते, खर्च न झाल्यास परत जाईल अशी धास्ती असते, आणि विक्रेत्यासही हे पक्के ठाऊक असते. ‘उद्या बिल देतो, माल आज घ्या’ या शब्दांत जो माल पुढे येतो, तो बहुधा गोदामात राहिलेला असतो. शिवाय मार्चमध्ये घेतलेला टॅब एप्रिलच्या परीक्षांत बाजूस पडतो, मेमध्ये सुटीत कपाटात जातो आणि जूनच्या मध्यावर प्रथम मुलांच्या हाती येतो. उपयोगाचे अडीच-तीन महिने असे वाया जातात. याला उपाय एकच दिसतो : कामाची आवश्यकता, हवा असलेला नमुना व त्याची कमाल किंमत यांविषयीचा ठराव दिवाळीपूर्वीच्या समितीच्या सभेत करून ठेवावा. पैसे मार्चमध्ये आले, तरी निवड मार्चची राहणार नाही.

चांगली वेळ कोणती? नवा नमुना बाजारात आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, ही एक. त्या काळात मागच्या नमुन्याची किंमत उतरण्याचा संभव असतो आणि त्याची उरलेली वर्षे अद्याप फारशी घटलेली नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास सवलती असतात, ही दुसरी. मात्र किंमत उतरेलच, असे गृहीत धरणे धोक्याचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दहाव्या पिढीचा आयपॅड आला, तेव्हा भारतात नवव्या पिढीच्या, म्हणजे जुन्या, आयपॅडची किंमत ३०,९०० रुपयांवरून ३३,९०० रुपये झाली. २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतिचिपांचे भाव जगभर वाढू लागले, त्याचाही ताण अशा यंत्रांच्या किमतींवर येतो. आणखी सहा महिने थांबल्याने पाचशे रुपये वाचतील. पण ते सहा महिने चौथीच्या वर्गाच्या दृष्टीने एक संपूर्ण सत्र असते. हवा तो नमुना, चारएक वर्षांच्या पाठिंब्यासह, ठरविलेल्या किमतीत मिळत असेल, तर अधिक वाट पाहण्यात अर्थ नाही.

पेटीवरील महिना आणि आतील तारीख

दुकानात गेल्यावर दोन तारखा पाहाव्यात. पहिली पेटीवर असते. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे पेटीवर निर्मितीचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. हा महिना फार मागचा असेल, तर बॅटरीविषयी सावध व्हावे. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही वयाने क्षीण होते, आणि वर्षानुवर्षे रिकामी पडली तर पुन्हा भारित होईनाशी होते. दुसरी तारीख यंत्राच्या आत असते. सेटिंगमध्ये टॅबविषयीच्या माहितीत ‘अँड्रॉइड सुरक्षा अपडेट’ या शब्दांपुढे शेवटच्या सुधारणेचा दिनांक दिसतो. यंत्र दुकानातील वाय-फायला जोडून, येतील त्या सुधारणा उतरवून घेऊन मग हा दिनांक वाचावा. तो वर्षाहून अधिक मागचा राहिला, तर त्या यंत्राकडे निर्मात्याने पाठ फिरविली असे समजण्यास हरकत नाही. पेटी उघडून दाखविण्यास विक्रेता नाखूश असेल, तर त्याच नमुन्याचे दुकानात मांडलेले यंत्र पाहावे. पाठिंबा कोणत्या वर्षापर्यंत, हे निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

यंत्रावर किंवा पेटीवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घालून पाहता येतो. हॉलमार्क म्हणजे काय हे जाणणाऱ्या हुपरीच्या पालकांस याचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

आणखी एक सोपी परीक्षा आहे, आणि ती कागदावरील कोणत्याही आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते. खरेदीस जाताना तिसरीचे किंवा चौथीचे पाठ्यपुस्तक बरोबर न्यावे. पुस्तकावरील क्यूआर संकेत टॅबच्या मागील कॅमेऱ्याने वाचून पाहावा. पुष्कळ स्वस्त टॅबांच्या कॅमेऱ्यास जवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही. संकेत वाचला जात नाही आणि शिक्षक वर्गात पुस्तक मागे-पुढे करीत राहतात. नंतर एक चित्रफीत लावून दहा पावलांवर उभे राहावे आणि शब्द कळतात का ते ऐकावे. वर्गात पंख्याचा, पावसाचा आणि शेजारच्या वर्गाचा आवाज असतो, हे विसरू नये. नमुना जुना असो वा नवा, या दोन गोष्टींत तो उतरला नाही तर त्याची स्वस्ताई निरर्थक आहे.

वापरलेले टॅब व देणग्या

२०२० च्या टाळेबंदीनंतर शाळा बंद होत्या, त्या काळात अनेक घरांनी मुलांसाठी टॅब घेतले. ते आता जुने झाले आहेत आणि कोल्हापूर-इचलकरंजीच्या बाजारात, तसेच ओळखीपाळखीत, विकावयास येतात. असा टॅब घेताना उरलेल्या वर्षांचा हिशोब अधिकच कसून करावा लागतो. त्याखेरीज पूर्वीच्या मालकाचे खाते त्यावरून काढलेले असले पाहिजे. ते न काढता यंत्र पुसून टाकले, तर पुन्हा सुरू होताना ते त्याच खात्याचा परवलीचा शब्द मागते आणि कुलूप लागलेल्या पेटीसारखे होऊन बसते. म्हणून मालकाने आपल्यासमोर खाते काढावे, यंत्र पुसावे आणि शाळेच्या खात्याने ते सुरू करून दाखवावे. मगच पैसे द्यावेत. सिमकार्ड चालणारा टॅब असेल, तर त्याचा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासावा. चोरीचा माल शाळेत येणे सर्वांनाच लाजिरवाणे होईल.

देणगीचा प्रसंग अधिक नाजूक. गावातील एखादा उद्योजक पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनास दहा जुने टॅब देऊ करतो. टाळ्या पडतात, छायाचित्र निघते. अशा वेळी नकार देणे मुख्याध्यापकांस जड जाते, आणि द्यावा असेही नाही. परंतु समारंभापूर्वी एक टॅब मागवून घेऊन वरील तारखा पाहाव्यात. ते केवळ सुट्या कामांस योग्य असतील, तर तसे दात्यास नम्रपणे सांगून दहांऐवजी चारच स्वीकारावेत आणि उरलेल्यांच्या जागी एखादा मोठा पडदा किंवा ध्वनिवर्धक सुचवावा. दहा यंत्रे भारित करण्यास दहा जोडण्या लागतात, आणि दोन खोल्यांच्या शाळेत तेवढ्या सहसा नसतात. बहुतेक दाते हे समजून घेतात, कारण धंद्यात मुरलेल्या माणसास निरुपयोगी माल म्हणजे काय हे चांगले कळते.

घेतल्यानंतर

बिल शाळेच्या नावे घ्यावे व जडवस्तू नोंदवहीत नोंद करावी, हे सर्वांस माहीत आहे. त्या नोंदीतच नमुन्याचे नाव, तो प्रथम बाजारात आल्याचे वर्ष, पेटीवरील निर्मितीचा महिना आणि पाठिंबा संपण्याचे वर्ष लिहून ठेवावे. मुख्याध्यापकांची बदली झाली, तरी नव्याने येणाऱ्यास पुढील खरेदी केव्हा करावयाची हे त्या एका ओळीवरून कळते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शाळाशाळांनी या ओळी एकमेकांस वाचून दाखविल्या, तर कोणता नमुना किती टिकला याचा आपल्या भागापुरता विश्वसनीय तक्ता दोन-तीन वर्षांत तयार होईल. तो विक्रेत्याच्या माहितीपत्रकाहून अधिक उपयोगाचा ठरेल.

उन्हाळी सुटीत टॅब पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाटात ठेवू नये. उष्णता बॅटरीस फार मारक असते. सुटीपूर्वी तो पूर्ण भारित करू नये आणि रिकामाही करू नये; अर्धा भारित करून, बंद करून, थंड जागी ठेवावा आणि शक्य तर मेअखेरीस एकदा पाहावा. बॅटरी फुगून पाठ वर आलेली दिसली, तर तो पुन्हा भारित करू नये व मुलांच्या हाती देऊ नये. निर्लेखनाची वेळ आल्यावर प्रथम विद्यार्थ्यांची सर्व माहिती पुसावी. मग यंत्र गावातील भंगारवाल्यास न देता, ई-कचरा घेण्यास नोंदणीकृत असलेल्या संस्थेकडे पोहोचवावे आणि तिची पावती निर्लेखनाच्या कागदांस जोडावी.